नातवंडांकडे जर्मनीला: नांदेड-लातूरच्या आजी-आजोबांचा हिशेब

लातूर पॅटर्नमध्ये बारावी, पुण्यात इंजिनिअरिंग, दोन-तीन वर्षे हिंजवडी आणि मग श्टुटगार्ट किंवा म्युनिक, हा रस्ता आता नांदेड-लातूरच्या बऱ्याच घरांच्या ओळखीचा झाला आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआयवाल्यांच्या घरीही जर्मनीचे नाव निघू लागले. मुले तिकडे रुळतात, त्यांना मुले होतात आणि मग दोन्ही घरांत एकच चर्चा सुरू होते. आपण जायचे, की त्यांनी यायचे?

याचे उत्तर नातवंडाच्या वयात आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला विमानात मांडीवर बसवता येते आणि त्याचे तिकीट मोठ्यांच्या साधारण दहा टक्के पडते. दोन वर्षे पूर्ण झाली की वेगळी सीट, म्हणजे जवळजवळ पूर्ण तिकीट. तरीही शाळा सुरू होईपर्यंत ही मंडळी जानेवारी-फेब्रुवारीच्या स्वस्त दिवसांत भारतात येऊ शकतात. सहाव्या वर्षी शाळा सुरू झाली की तेही संपते. जर्मनीत शाळेची सक्ती कडक आहे. ‘आजोबांकडे लग्न आहे’ म्हणून पंधरा दिवस शाळा बुडवली तर पालकांना दंड होऊ शकतो. मग उरते उन्हाळी सुटी, बाडेन-व्युर्टेनबर्गमध्ये जुलैअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, आणि नेमके तेव्हाच तिकीट सर्वांत महाग असते. चार जणांच्या कुटुंबाला त्या दिवसांत येण्या-जाण्याचे साडेतीन ते साडेचार लाख सहज लागतात. म्हणून माझे मत असे, की मूल शाळेत जाईपर्यंत त्यांनी यावे, शाळा सुरू झाल्यावर आपण जावे. अपवाद बाळंतपणाचा. तेव्हा आपणच जायचे, त्यात हिशेब नसतो.

आता आपण गेलो तर किती? नवरा-बायको दोघे, ऐंशी-नव्वद दिवसांचा मुक्काम आणि युरो १०५ रुपये धरून मोजू.

सुरुवात पासपोर्टपासून. नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी पुणे-नागपूर करायची गरज नाही. ३६ पानांच्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत आहे. पैसा इथे फारसा जात नाही, जातो तो वेळ. आपल्याकडच्या जुन्या पिढीची जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली १ जून असते, आधारवर भलतीच आणि पॅनवर तिसरीच. आईचे नाव मुलाच्या जन्मदाखल्यावर माहेरचे, बँकेत सासरचे. व्हिसासाठी नाते सिद्ध करावे लागते, त्यामुळे हा घोळ तिथे पुन्हा वर येतो. आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. मुलाचा जन्मदाखला महापालिकेतून इंग्रजीसह मिळाला तर भाषांतराचा खर्च वाचतो. नाव बदलल्याचे राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र लागलेच, तर कागद आणि भाषांतरे मिळून तीन ते सहा हजार धरा.

व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. एकच व्हिसा जर्मनीसह २९ देशांना चालतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. दोघांचे झाले १८,९०० रुपये. अर्ज जमा करून घेणाऱ्या व्हीएफएस केंद्राचे सेवाशुल्क माणशी दोनेक हजार. व्हिसा नाकारला तरी यातले काही परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, आणि नांदेड-लातूरकरांना खरा भुर्दंड इथे पडतो. रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पुणे, सकाळी लॉजवर आंघोळ, दुपारी केंद्र, रात्री परत. दोघांचे सहा-आठ हजार होतात. एखादा कागद राहिला की दुसरी खेप. त्यामुळे कागदांची यादी मुलाबरोबर व्हिडिओ कॉलवर एकेक करून तपासा. गावातला एजंट फॉर्म भरायचे काही हजार घेतो. तो फॉर्म ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. मुलगा तिकडे बसून अर्ध्या तासात भरतो.

तिकडच्या मुलाला एक काम आधी उरकावे लागते. त्याचे जर्मन नाव आहे फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. ते उच्चारायचा प्रयत्न करू नका, कागद बरोबर असला म्हणजे झाले. यात मुलगा परदेशी नागरिक कार्यालयात लिहून देतो की आई-वडिलांचा तिथला सगळा खर्च माझा. शुल्क माणशी २९ युरो. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळच महिना-दीड महिना मिळत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, कधी ४५ दिवसही लागतात.

मुलाने हमी दिली तरी आपण परत येणार आहोत हे आपल्यालाच दाखवायचे असते. निवृत्तिवेतन असणाऱ्यांना सोपे जाते. शेतकऱ्याकडे आयकर विवरण नसते, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. त्याने सातबारा, आठ-अ, बाजार समितीतल्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्या आणि त्याच रकमा जमा झालेले बँकेचे उतारे, असा संच इंग्रजी भाषांतरासह लावावा. पट्टी एका नावावर आणि पैसे दुसऱ्या खात्यात, असे असेल तर सोबत साधे पत्र जोडा. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात अचानक चार लाख टाकू नका. अधिकाऱ्यांच्या नजरेत ते आधी येते.

विम्यात काटकसर नको

शेंगेनच्या नियमाप्रमाणे किमान ३०,००० युरोचे संरक्षण लागते. साठी-सत्तरीतल्या माणसाला तीन महिन्यांचा विमा वय आणि कंपनीप्रमाणे दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत जातो. सर्वांत स्वस्त पॉलिसीवरही व्हिसा मिळतो, म्हणून लोक तीच घेतात. पण मुलाने दिलेल्या त्या हमीपत्रात दवाखान्याचा खर्चही येतो. विमा कंपनीने हात वर केले, तर बिल थेट मुलाच्या पगारावर. बहुतेक पॉलिसींत आधीपासूनच्या बीपी-शुगरमुळे उद्भवलेला त्रास वगळलेला असतो किंवा फक्त जीवघेण्या प्रसंगापुरता धरलेला असतो. ती ओळ शोधून वाचा, आजार लपवू नका आणि तीन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. संपूर्ण हिशेबात दहा हजार जास्त घालायचेच असतील तर ते इथे घाला.

विमानाचे तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढा. अर्जाला नुसते आरक्षण पुरते. मुंबई-फ्रँकफर्ट येणे-जाणे एरवी माणशी साठ ते ऐंशी हजारांत बसते, मे आणि जुलै-ऑगस्टमध्ये लाखाला टेकते. नांदेडकरांना मुंबईची सवय आहे. देवगिरी, राज्यराणी, तपोवन आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. लातूरहून रात्रीची मुंबई एक्सप्रेस आहे. तरी नकाशा पाहिला तर देगलूर-उदगीरच काय, नांदेड आणि लातूर शहरांनाही हैदराबाद जवळ पडते आणि जानेवारी २०२४ पासून तिथून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. घरापासून हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापर्यंत गाडी केली तर एका बाजूचे सात-नऊ हजार. दोघांचे रेल्वेचे वातानुकूलित तिकीट, मुंबईतला दिवसभराचा थांबा आणि टॅक्सी यांची बेरीज केली, तर फरक फार उरत नाही आणि सामान एकदाच उचलावे लागते. दुबई-दोहामार्गे तिकीट काही हजारांनी स्वस्त मिळते. मात्र पहिल्यांदाच निघालेल्या दोघांना मी थेट विमानच सुचवेन. चालता येत असले तरी व्हीलचेअर मागा. ती मोफत असते, दोन दिवस आधी सांगावी लागते, आणि भाषा न येणाऱ्याला विमानतळावर सोबतीला माणूस मिळतो. युरोपच्या सीमेवर आता शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेतात, त्यामुळे रांगेत वेळ जातो.

बॅगेतले साजूक तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. ओला कढीपत्ता आणि आंबेही राहू द्या, ताज्या फळा-भाज्यांना प्रमाणपत्र लागते. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, तूरडाळ, ज्वारीचे पीठ बिनधास्त न्या. थंडीचे कपडे इथे घेऊ नका. तिकडे चांगले आणि पुष्कळदा स्वस्त मिळतात.

पोहोचल्यावरचा मोठा खर्च फिरण्याचा. सर्व शहरांतल्या बस, ट्राम आणि लोकल गाड्यांना चालणारा डॉइचलंड-टिकेट हा पास जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो झाला आहे. दोघांचे तीन महिन्यांचे चाळीस हजारांच्या घरात जातात. तिन्ही महिने घेऊ नका. फिरायचे ठरवाल तो एक महिना घ्या आणि वेळेत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. लांबच्या वेगवान गाड्यांत चौदा वर्षांपर्यंतची मुले मोठ्यांसोबत मोफत जातात, फक्त सहा वर्षांवरच्यांची नोंद तिकिटावर असावी.

सगळे मिळून दोघांचे अडीच ते तीन लाख होतात. यातला निम्म्याहून अधिक वाटा विमानाचा. पंधरा दिवस राहा किंवा ऐंशी, विमा सोडला तर बाकी खर्च जवळपास तेवढाच, तेव्हा जायचे तर लांब मुक्कामाने जावे. बाळंतपण असेल तर पुष्कळ घरी दोन्हीकडच्या आज्या पाळीपाळीने जातात, आधी मुलीची आई, मग सासूबाई. नव्वद-नव्वद दिवसांत बाळ सहा महिन्यांचे होते. दोन्ही व्हिसांचे कागद मुलाने एकदमच करून ठेवावेत.

व्हिसाच्या कमाल मुक्कामाचे नव्वद दिवस मोजताना उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरा. व्हिसावर मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात, ते नव्वदपेक्षा कमीही असू शकतात. तिकीट त्या आकड्यावर काढा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो, पासपोर्टची मुदत तेवढी असली तर. ठसेही ५९ महिने चालतात. म्हणून जुना पासपोर्ट रद्द झाला तरी फेकू नका.