शंका-समाधान : ताकदीचं खाणं आणि कामेच्छा

पत्र : वय 27, लग्नाला सहा महिने झाले. सिंदी (रेल्वे) इथे आडतीवर कामाला आहे. लग्न ठरल्यापासून घरी डिंकाचे लाडू सुरू आहेत. मित्रांनी सफेद मुसळी, अश्वगंधा आणून दिली. आठवडी बाजारातून एक जडीबुटीची पुडी घेतली. तिने लगेच फरक पडतो, पण डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, नाक चोंदतं. यातलं नेमकं काय चालू ठेवू?

उत्तर : पुडी आजच बंद करा. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं सिल्डेनाफिल या ताठरतेच्या औषधाची आहेत. 1998 साली ही गोळी बाजारात आली. तेव्हापासून जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चूर्णांत ती कुटून मिसळल्याचं जगभर वारंवार उघडकीला आलं आहे. तुमच्या पुडीतही तीच असावी, असा मला दाट संशय आहे. किती मिसळली असेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या, म्हणजे छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवणाऱ्या माणसाने अशी पुडी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. ती पुडी कोणा काका-मामांना देऊ नका. संभोगशक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी हा धंदा चालूच आहे. मुख्य म्हणजे ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. इच्छा असेल तर रक्तपुरवठ्याला मदत करते, एवढंच.

लाडू आवडत असतील तर खा. डिंक, खारीक, खोबरं, तूप हे थंडीतलं भरपूर उष्मांकाचं खाणं आहे. वाळलेल्या अंगाला त्याने भर येईल, पण इच्छेचा त्याच्याशी संबंध नाही. मुसळीचं शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडलं आहे, इतकी ती आपल्या मातीतली. तरीही तिच्याबद्दलचा पुरावा बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगांचा आहे. अश्वगंधेवर माणसांत काही छोटे अभ्यास झालेत आणि थोडा फायदाही दिसला आहे. पण तिने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, तेव्हा मनानेच महिनोन्‌महिने घेऊ नका.

आयुर्वेदाचा दाखला तुम्हाला कोणीतरी देईलच. चरकसंहितेत वाजीकरणाचा, म्हणजे कामशक्ती वाढवण्याचा, स्वतंत्र अध्याय आहे. उडीद, दूध, तुपाच्या पाककृतीही आहेत. पण चरकाने सर्वांत वरचं स्थान दिलं आहे ते मन प्रसन्न करणाऱ्या प्रेमळ जोडीदाराला. काळजी, अतिश्रम, आजार आणि उपास यांनी शक्ती घटते, हेही तिथेच सांगितलं आहे. लोक पाककृती तेवढी उचलतात आणि बाकीचं सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इच्छा कमी झाल्याचं त्यात कुठेच नाही. आहे ती ‘आपण कमी पडू’ ही भीती. आणि तुमच्या बायकोबद्दल त्यात एक वाक्यही नाही. तिच्याशी बोलायला सुरुवात करा.

पत्र : गांधीजी सेवाग्रामला असताना आमचे वडील तिथे जात. दूध, मसाले, कांदा-लसूण यांनी वासना वाढते, असं वडील सांगत. यात तथ्य आहे का? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : गांधीजींनी 1906 मध्ये ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि 1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. दुधामुळे ब्रह्मचर्य अवघड होतं, असा आपला अनुभव त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे. पुढे मोठ्या आजारपणात त्यांनी शेळीचं दूध घेतलं. मन साथ देत नसेल तर नुसत्या उपासाने काही साधत नाही, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण दूध किंवा कांदा-लसूण इच्छा वाढवतो, याला पुरावा नाही.

आहार आणि इच्छा यांचं खरं नातं वेगळ्याच ठिकाणी दिसलं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. ते स्वखुशीने आले होते. त्यांची कामेच्छा जवळजवळ नाहीशी झाली आणि पोटभर अन्न मिळू लागल्यावर हळूहळू परतली. जस्ताचंही तसंच आहे. 1960 च्या सुमारास डॉ. आनंद प्रसाद यांना इराणच्या खेड्यांत असे तरुण दिसले, ज्यांची वाढ आणि वयात येणं दोन्ही खुंटलं होतं. त्यामागे जस्ताची कमतरता असल्याचं पुढे सिद्ध झालं. कमतरता भरून काढली की फरक पडतो, पण पुरेसं असलेल्याला आणखी देऊन काही वाढत नाही. कालवांचा जगभर जो बोलबाला आहे, त्यामागे त्यांतलं जस्त आहे. आपल्याकडे तीळ, शेंगदाणे, हरभरा यांतूनही ते मिळतं.

पत्र : वय 38. दोन मुलं, सासू-सासरे, घरात दोनच खोल्या. पहाटे पाचला उठते, मग वावरात जाते. रात्री अंगात त्राण नसतं. हे म्हणतात, तुला इच्छाच राहिली नाही. शतावरी खा, चॉकलेट खा. दोन्ही खाल्लं. काही झालं नाही.

उत्तर : ताई, होणारही नव्हतं. चॉकलेटमध्ये ज्या द्रव्याचं कौतुक होतं, ते मेंदूपर्यंत पोचण्याआधीच शरीर बहुतेक मोडून टाकतं. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. या दोन्हींमुळे थकवा येतो, इच्छाही मंदावते. संबंधाच्या वेळी दुखतं का, नैराश्याची किंवा पाळणा लांबवण्याची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आणि हे पत्र तुमच्या यजमानांना वाचायला द्या. त्यांना माझं सांगणं असं : पाणी भरणं, मुलांचा डबा, रात्रीची भांडी, यांतलं काही रोज तुम्ही अंगावर घ्या. तिची झोप एक तासाने वाढली तर ती कुठल्याही चूर्णापेक्षा मोलाची आहे. अनेक स्त्रियांमध्ये इच्छा आधी येत नाही. जिव्हाळ्याचा सहवास आणि स्पर्श मिळाल्यावर ती जागी होते. आणि नको असताना ‘हो’ म्हणणं हे पत्नीचं कर्तव्य नाही.

पत्र : वय 52. साखर आहे. दिवसाला चार-पाच खर्रे होतात. वर्षभरापासून ताठरता येत नाही. कांद्याचा रस-मध, कच्ची अंडी, सगळं झालं. इच्छा आहे, शरीर ऐकत नाही.

उत्तर : तुमचं पत्र मला सर्वांत तातडीचं वाटतं. लिंगाच्या रोहिण्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. साखर आणि खर्र्यातल्या तंबाखूने रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की तक्रार आधी बारीक वाहिनीत दिसते. छातीत दुखायला लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधीही असं होऊ शकतं. कांद्याच्या रसाने हे सुधारत नाही. आणि त्यातल्या मधाने साखर वाढते.

या आठवड्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जा. रक्तदाब, तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. सकाळी उपाशीपोटी गेलात तर टेस्टोस्टेरॉनही तपासता येईल. ‘मला ही अडचण आहे’ असं तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण पुष्कळदा ते विचारत नाहीत. खर्रा आजपासून सोडायचा आहे. जमत नसेल तर त्यासाठीही तिथेच मदत मागा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असली तरी मोहाची मिळते, हे मला ठाऊक आहे. घेत असाल तर तेही लपवू नका. ताठरतेसाठी चांगली औषधं आहेत, पण ती हृदयाची तपासणी झाल्यावरच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची. पुढच्या पत्रात तपासणीचे आकडे कळवा.