विस्थापनाचा हिशेब : सुपा आणि पिट्सबर्ग

जोयडा तालुक्याचे मुख्य ठिकाण पूर्वी सुपा येथे होते. काळी व पांढरी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे गाव गणेशगुडी येथील धरणाच्या जलाशयाखाली गेले. १०१ मीटर उंचीचे हे धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. सरकारी कचेऱ्या जोयडा येथे आल्या, आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबांची वसाहत रामनगर येथे झाली. धरणाने राज्यास वीज दिली, याविषयी दुमत नाही. परंतु गाव उठते तेव्हा नेमके काय उठते, याचा विचार आजही करण्याजोगा आहे.

त्या काळी भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये होत असे. जमीन, घर, विहीर, झाडे यांची मोजदाद होई आणि ज्याचा हक्क कागदावर सिद्ध होई त्यास मोबदला मिळे. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर, बाजारात भाजी विकणारी बाई, गावकीच्या कामावर पोट भरणारा कारागीर यांचे नाव पहाणी उताऱ्यात कोठून असणार? जंगलातील कुमरी शेतीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्यांची अडचण तर याहूनही मोठी. अडल्यावेळी शेजाऱ्याकडून मिळणारे पायलीभर भात, ओळखीवर चालणारी दुकानातील उधारी, यांस तर कोणत्याच तक्त्यात रकाना नव्हता.

हा दोष केवळ आपल्याकडील नव्हे. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडून शहरांची पुनर्रचना करण्यास केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. ‘गलिच्छ’ ठरलेल्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या फार मोठ्या प्रमाणात होत्या. पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्टच्या खालच्या भागात १९५६ पासून पाडापाडी सुरू झाली. सुमारे ८,००० रहिवासी आणि सुमारे ४०० दुकाने व व्यवसाय तेथून उठले. त्या जागी १९६१ मध्ये मोठे क्रीडागृह उघडले. पुढे तेही पाडण्यात आले. अनेक रहिवासी भाडेकरू होते, त्यामुळे घराची किंमत त्यांच्या हाती येण्याचा प्रश्नच नव्हता. मिंडी फुलिलव्ह या मनोविकारतज्ज्ञ विदुषीने २००४ च्या आपल्या ग्रंथात या आघाताची तुलना मुळासकट उपटलेल्या रोपाशी केली आहे. शेतकऱ्यास ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. तेथे वर्णभेद होता, येथे कारण वेगळे होते. पण कागदावर नसलेला माणूस हिशेबातून गळला, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

दोन्ही देशांत कायदा उशिरा जागा झाला. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने भाडेकरूंनाही स्थलांतराचे साहाय्य मिळू लागले. भारतात २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे शेतमजूर, कुळे व कारागीर यांची कुटुंबेही त्यानुसार बाधित मानली जातात, आणि सामाजिक परिणामांच्या तपासणीत जाहीर सुनावणी घ्यावी लागते. सुनावणीची सूचना नुसती फलकावर चिकटवून भागत नाही, हे अधिकाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. ज्यास वाचता येत नाही त्याच्या दारी ती पोचली पाहिजे.

शिक्षकांसही येथे करण्यासारखे काम आहे. जुन्या सुपा गावाचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावा : बाजार कोठे भरे, देऊळ कोठे होते, कोणाचे घर कोणाच्या घरास लागून होते, नदीवर उतरण्याची वाट कोणती. ही माहिती कचेरीच्या दप्तरात सापडणार नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांकडूनच घ्यावी लागेल. धरणाचे काम चालू असता जे तरुण होते, ते आता सत्तरीच्या घरात आहेत.