आईची काळजी : मनीऑर्डरच्या पलीकडे

रास अल खोरमधील गॅरेजेस, गोदामे आणि जुन्या मोटारींच्या बाजारात राबणारे आपले अनेक मराठी बांधव पगार होताच प्रथम आईला पैसे पाठवतात. ही गोष्ट कौतुकाचीच आहे. परंतु पैसे पोचले म्हणजे आईची काळजी मिटली असे नाही. आई 'मला काही नको' म्हणते, मुलाला ते टोचते, म्हणून तो आणखी पाठवतो. आणि ती ते खर्च न करता त्याच्याच मुलांसाठी साठवते! माया दोन्हीकडे आहे, मोकळे बोलणे मात्र राहून जाते.

काही घरांत आईला किती पाठवले हे बायकोला सांगितले जात नाही. पुढे ते कळते तेव्हा भांडण पैशाचे राहत नाही, 'तुम्ही कोणाचे?' यावर येते. म्हणून पुढील तीन गोष्टी नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवाव्यात.

१) आईच्या नावाची ठेव : मुलाने आईला दिलेल्या भेटीवर भारतात आईला आयकर लागत नाही, त्यावरील व्याज मात्र तिचे उत्पन्न धरले जाते. ठेव तिच्या स्वतःच्या नावावर असली, की औषधासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

२) आजारपण : मुलगा रजा टाकून धावत येईल या धास्तीने आई दुखणे लपवते. म्हणून फोनवर नुसते 'बरी आहेस ना?' न विचारता 'रक्तदाब किती निघाला? गोळ्या किती उरल्या?' असे विचारावे. आपल्याकडे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा तिकडे १०.३० झालेले असतात; फोन लवकर करावा. आईचे वय ७० किंवा अधिक असल्यास आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. ऑक्टोबर २०२४ पासून या योजनेत उत्पन्नाची अट न घालता, योजनेतील इस्पितळांत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात.

३) मृत्युपत्र : हा विषय अशुभ समजू नये. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर मुलाच्या मालमत्तेत आई, पत्नी आणि प्रत्येक अपत्य यांना सारखा वाटा मिळतो. पत्नी, दोन मुले आणि आई असतील तर प्रत्येकी पाव हिस्सा. याउलट अमिरातीत फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या बिगर-मुस्लिमांच्या कायद्यात, वारसांनी मायदेशाचा कायदा मागितला नाही तर, निम्मे पत्नीला आणि निम्मे मुलांना जाते. आईला काहीच मिळत नाही. म्हणजे बचत एकाच माणसाची, पण ती कोणत्या देशात आहे यावर आईचे म्हातारपण अवलंबून! बँकेतील नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, तो आपोआप मालक होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मृत्युपत्रात आईचा आणि पत्नीचा वाटा स्पष्ट लिहिला, तर सासू-सुनेला एकमेकींसमोर उभे राहण्याची वेळ येत नाही. यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. आणि येत्या सुट्टीत गावी गेल्यावर आईला तिचे पासबुक समजावून सांगावे, ते सुनेने सांगितले तर अधिक उत्तम!