नागीण आणि राखणदार

वाडीतल्या एका आजींच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली. तिसऱ्या दिवशी तिथे पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. शेजारीपाजारी म्हणाले, "नागीण झाली. हिची दोन तोंडे मिळाली की माणूस जातो." कोणी गेरू लावला, कोणी मंतरलेले पाणी दिले. आठ दिवस असेच गेले.

मी विचारले, "आजी, लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या का हो?"

"आल्या होत्या तर! साठ वर्षं झाली त्याला."

"तेच दुखणं आज परत उठलंय."

हे कसे? ऐका. कांजिण्या एका विषाणूमुळे येतात. तो डोळ्यांना दिसत नाही. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू अंगातून जात नाही. दुखले-खुपले ते मज्जातंतू मेंदूला कळवतात. या तंतूंच्या बारीक गाठी पाठीच्या कण्यालगत असतात. तिथे तो जन्मभर दडून बसतो.

मग माणूस धडधाकट कसा राहतो? भात पिकले की आपण रात्री राखण करतो. रानडुक्कर रानातच असते. पण राखणदार जागा असला की शेतात शिरत नाही. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी अशीच राखण करतात. त्या विषाणूला ओळखतात. त्याने डोके वर काढले की दाबतात. म्हणून पुष्कळांना जन्मात नागीण होत नाही.

वय झाले किंवा मोठा आजार जडला, की राखणदार पेंगतो. विषाणू तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. इंग्लंडात होप-सिम्पसन नावाचे डॉक्टर एका लहान गावी दवाखाना चालवीत. आपल्या रोग्यांच्या नोंदी तपासून त्यांनी १९६५ साली हा विचार मांडला.

प्रत्येक तंतू अंगाच्या एकाच बाजूला जातो. म्हणून पट्टा बहुधा मध्यावर थांबतो. तोंडे मिळाली म्हणून कोणी मरत नाही. खरा घात उशिरामुळे होतो.

फोड उठल्यापासून तीन दिवसांत डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, तर गुण चांगला येतो. आजींचे ते दिवस गेरूत गेले. फोड वाळले, पण आग कित्येक महिने राहिली. डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी जा. नजर जाऊ शकते. फोडांचे पाणी गरोदर बाईला व तान्ह्या मुलाला लागू देऊ नका. ज्याला कांजिण्या आल्या नाहीत, त्याला त्या येऊ शकतात. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आता मिळते. ती महाग आहे. डॉक्टरांचा सल्ला घ्या. सावर्ड्याहून डेरवणचे रुग्णालय जवळच आहे.

प्रश्न
१. कांजिण्यांचा विषाणू कोठे दडतो?
२. अंगातील राखणदार कोण?
३. नागीण झाल्यास किती दिवसांत औषध सुरू करावे?