वडिलोपार्जित मेजाची झिलई

सोलापुरांत सात रस्त्याच्या आसपास काय किंवा अन्यत्र काय, ज्या घरांत आजोबांच्या वेळचें सागवानी वा शिसवी मेज आहे, तेथें एक प्रश्न केव्हां तरी उठतोच: झिलई गेलेल्या या मेजाचें करावें काय? बहुधा उत्तर मिळतें कीं, सुताराला बोलावून तें घांसून काढावें. आमच्या मतें हें उत्तर घाईचें आहे. जुनी झिलई एकदां खरवडली कीं ती परत येत नाहीं. आणि वर्षानुवर्षांच्या उजेडानें व हातांच्या स्पर्शानें रंगलेला लांकडाचा थरहि तिच्याबरोबर जातो.

जुन्या मेजांवरील झिलई पुष्कळदां लाखेची असते. पळस, बोर, कुसुंब यांच्या कोंवळ्या फांद्यांवरील बारीक कीटक जो रस अंगाबाहेर टाकतात, तो घट्ट होऊन लाख बनते. ती शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे केले म्हणजे त्यांस चपडा म्हणतात. लाक्षागृहाच्या कथेमुळें लाख आपणांस परिचित आहेच. तिच्या शास्त्रीय अभ्यासासाठीं रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं संस्था स्थापन झाली. चपडा स्पिरिटांत विरघळवून बोळ्यानें लांकडावर चढविण्याची रीत एकोणिसाव्या शतकांत युरोपांत रूढ झाली. तिलाच फ्रेंच पॉलिश म्हणतात.

झिलई लाखेची आहे कीं नाहीं, हें ओळखणें सोपें आहे. मेजाच्या खालच्या बाजूस, जेथें नजर जात नाहीं, तेथें स्पिरिटांत भिजविलेला कापूस टेकवावा. जागा चिकट झाली तर लाख समजावी. न झाल्यास रोगण निराळें आहे. मग जाणत्या कारागिराचा सल्ला घ्यावा. मेजावर जुना तैलरंग असेल तर तो मुळींच घांसूं नये, कारण त्यांत शिसें असूं शकतें व त्याची धूळ मुलांना विशेष घातक असते.

यानंतर मेज स्वच्छ करावें. जो काळेपणा झिजेचा वाटतो, तो पुष्कळदां तेलकट हातांचा मळ असतो. सौम्य साबणाच्या पाण्यांत बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें थोडा थोडा भाग पुसावा व लगेच कोरडा करावा. ओल्या वा गरम भांड्याचा पांढरा डाग बहुधा झिलईंतच अडकलेल्या ओलाव्याचा असतो; तो स्पिरिटाच्या बोळ्यानें पुष्कळदां जातो. काळा डाग मात्र लांकडांत खोल उतरलेला असतो. त्यासाठीं लांकूड उकरूं नये.

आतां नवा हात. एक लिटर स्पिरिटास सुमारें १२० ग्रॅम चपडा या प्रमाणानें कांचेच्या बाटलींत एक दिवस भिजवावा व फडक्यांतून गाळावा. लोखंडी भांड्यांत लाख काळवंडते. कापसावर जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा गुंडाळून बोळा करावा आणि तो न थांबतां फिरवावा. थांबलेला बोळा खालची झिलई विरघळवून तेथेंच चिकटतो. एका जाड हातापेक्षां चार पातळ हात बरे. लाखेचा मोठा गुण हा कीं, नवा थर जुन्याला किंचित् विरघळवून त्याच्याशीं एकजीव होतो. म्हणूनच खरवडण्याची गरज पडत नाहीं. दमट दिवशीं हें काम करूं नये, थर पांढुरका पडतो.

दोन गोष्टींविषयीं सावध असावें. स्पिरिट पेट घेतें व तें विषारीहि असतें. म्हणून विद्यार्थ्यांनीं हें काम विस्तवापासून दूर, खिडक्या उघडून व वडील माणसांच्या देखत करावें. कोणी जवसाचें तेल वापरल्यास त्याचीं फडकीं चुरगळून टाकूं नयेत. तें तेल वाळतांना उष्णता निघते व फडकीं आपोआप पेटूं शकतात. तीं पाण्यांत बुडवून ठेवावीं. खोबरेल तर लावूंच नये; तें वाळत नाहीं व धूळ धरतें.

शाईचा डाग, झिजलेली कड, ज्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षें कोपर टेकलें तो कोपरा, हीं कुटुंबाच्या श्रमांचीं चिन्हें होत. नवें मेज बाजारांत मिळतें; आजोबांचें मिळत नाहीं. म्हणून जेवढें आवश्यक तेवढेंच करावें, आणि पुढील पिढीला पुन्हां करतां येईल असें करावें.