जुनी ओम्नी की जुनी ईको? कापडवाल्याचा हिशोब

दुकानोदुकानी माल पोहोचवणारा लहान व्यापारी चारचाकी घ्यायला निघाला की बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो, मारुतीची ओम्नी आणि मारुतीची ईको. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले आणि नवी ईको प्रत्येकाच्या ऐपतीत बसत नाही. म्हणून सौदा जुन्या गाडीचा होतो. ओम्नी स्वस्त मिळते, यात वाद नाही. ती स्वस्त पडते का, हा सवाल वेगळा आहे.

ओम्नीचे इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद साधारण ३५ हॉर्सपॉवर आणि गिअर चार. ईको २०१० साली आली. २०२२ पूर्वीच्या ईकोचे इंजिन ११९६ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोलवर सुमारे ७३ हॉर्सपॉवर आणि गिअर पाच. सीएनजीवर ही ताकद दहाएक हॉर्सपॉवरने उतरते.

पण ताकद मालासकट मोजावी. ओम्नीचे स्वतःचे वजन ७८५ किलोच्या आसपास, ईकोचे ९२० च्या. ड्रायव्हर आणि कापड मिळून ४५० किलो धरले, तर ओम्नीला टनामागे २८ हॉर्सपॉवर मिळतात, ईकोला ५३. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. कसारा घाटात जाणवतो.

मला तो जाणवला. ईदेच्या पंधरा दिवस आधी भिवंडीहून मालेगावकडे भरलेली ओम्नी घेऊन निघालो होतो. घाटाच्या मध्यावर इंजिन तापले, गाडी बंद. माल दुसऱ्या टेम्पोत चढवावा लागला आणि त्या फेरीचा नफा तिथेच गेला. मी भारही जास्त घातला होता, हे कबूल करतो. परंतु रेडिएटर गळतो हे विकणाऱ्याला ठाऊक होते, त्याने सांगितले नाही. कापडाच्या ठाणात ऐब असेल तर तो दाखवूनच विकावा, असे आपण मानतो. गाडीचा ऐब लपवणे हलाल कसे होईल?

तेव्हा गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून तेलाचे झाकण उघडा. आत दुधाळ मळी दिसली, तर पाणी तेलात मिसळत असण्याची शंका घ्या. चटई काढून पत्र्याचा गंज पाहा. सरकत्या दाराची पट्टी आणि ओम्नीचे मागचे पाटे तपासा. चालवून पाहायची तर रिकामी नको, चार माणसे बसवून चढावर न्या.

ओम्नीचे गुणही सांगायला हवेत. लांबी ३३७० मिलिमीटर, ईकोची ३६७५. भिवंडीच्या अरुंद गल्लीत हा फूटभर फरक फार मोठा असतो. शिवाय आठशे गाडीच्या घराण्यातले इंजिन, कोणताही मिस्त्री उघडतो.

कागदपत्रांत बरेच जण फसतात. आरसीवर गाडी खाजगी प्रवासी आहे की माल वाहतुकीची, हे आधी वाचा. प्रवासी गाडीत धंद्याचा माल नेताना अपघात झाला, तर विम्याचा दावा अडू शकतो. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. सिलिंडर किती जागा खातो, तेही टेपने मोजा. २०१० च्या खाजगी ओम्नीची पंधरा वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० रुपये झाली, पर्यावरण कर निराळा. हा खर्च किमतीतून वजा करूनच बोली करावी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. गाडीवर कर्ज होते, तर फॉर्म ३५ मागावा.

मालेगावच्या फेऱ्या आता पुतण्या करतो, त्याला २०१६ ची ईको घेऊन दिली. माझी ओम्नी नवा रेडिएटर घालून बाजारापुरती चालते.