पीयूसी ते पासिंग : कोल्हापुरात गाडीच्या तपासणीला किती खर्च येतो?

कोल्हापुरात पीयूसी काढायला दुचाकीला ५० रुपये लागतात. पेट्रोलवरच्या रिक्षाला १००, पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवरच्या चारचाकीला १२५ आणि डिझेल गाडीला १५० रुपये. राज्य सरकारने हे दर २०२२ मध्ये ठरवून दिले आणि कागलपासून गडचिरोलीपर्यंत ते एकच आहेत. कुणी जास्त मागितले तर वाद घालत बसू नका, पावती मागा.

राज्य बदलले की दर बदलतो. दिल्लीत जुलै २०२४ पासून दुचाकीला ८०, पेट्रोल चारचाकीला ११० आणि डिझेलला १४० रुपये पडतात. दाखला मात्र मुदतीत असेपर्यंत देशभर चालतो. कोल्हापुरात काढलेली पीयूसी निपाणीत, बेळगावात, पणजीतही ग्राह्य आहे. गोव्याला निघालात आणि वाटेत कुणी ‘इथली वेगळी काढावी लागेल’ असे सांगितले तर एक रुपयाही देऊ नका.

नव्या गाडीला नोंदणीपासून पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. बॅटरीवरच्या गाडीला ती कधीच लागत नाही. पहिल्या वर्षानंतर बीएस-४ आणि बीएस-६ या उत्सर्जन मानकांच्या गाड्यांचा दाखला वर्षभर चालतो, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी केंद्रावर जावे लागते. इथे एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. बीएस-४ देशभर लागू झाले १ एप्रिल २०१७ ला, पण मुंबई, पुणे, सोलापूर यांसारख्या मोजक्या शहरांत चारचाकींसाठी ते २०१० मध्येच आले होते. कोल्हापूर त्या यादीत नव्हते. त्यामुळे २०१२ ची सोलापूर पासिंगची कार बीएस-४ असेल, तर त्याच वर्षी आपल्याकडे नोंदलेली तीच कार बीएस-३ असू शकते. एकीला वर्षाला एक दाखला लागतो, दुसरीला दोन. सौदा करण्याआधी आरसीवरचा उत्सर्जन मानकाचा रकाना वाचा.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ पासूनच्या कारला मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. डिझेलला रेस देऊन धुराचा दाटपणा पाहतात. इंजिन थंड असताना आकडे वाढून येतात, म्हणून गाडी थोडी फिरवून, गरम करूनच केंद्रावर न्या. नळी न घालता, नुसता नंबर प्लेटचा फोटो काढून दाखला हातात दिला, तर नळी घालायला सांगा. हे मी आग्रहाने सांगतो. १२५ रुपये आपण कागदासाठी मोजत नाही, इंजिनाची तब्येत कळावी म्हणून मोजतो. गेल्या वर्षीचा दाखला जपून ठेवा आणि आकडे शेजारी ठेवून पाहा. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर आधी एअर फिल्टर बघायचा. हायड्रोकार्बन वाढला असेल तर प्लग आणि इग्निशनकडे वळायचे. त्याच सवयीने पेट्रोलचा खर्चही आटोक्यात राहतो.

दाखला खरोखर ऑनलाइन चढला का, हे परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे-अक्षरे टाकून लगेच पाहता येते. प्रदूषणाची मानके मोडण्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) मध्ये १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकते. विम्याबद्दलही एक जुनी समजूत शिल्लक आहे. पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले होते. ती अट जुलै २०२४ मध्ये शिथिल झाली. विमा थांबवून ठेवू नका, दोन्ही वेळेवर करा.

खरा खर्च येतो पंधराव्या वर्षी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. बोलीभाषेत आपण याला रिपासिंग म्हणतो. केंद्राच्या दरपत्रकात नूतनीकरणाचे शुल्क दुचाकीला १,००० आणि कारला ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या गाड्यांचे शुल्क दुप्पट केले : दुचाकीला २,०००, कारला १०,०००. यात महाराष्ट्राचा पर्यावरण कर मिळवा. २०१० पासूनच्या या करात दुचाकीला पाच वर्षांचे २,०००, पेट्रोल कारला ३,०००, डिझेल कारला ३,५०० रुपये असे दर ठरले. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर आरटीओचे काम अडते. तिचे जीएसटीसह दुचाकीला ५३१ आणि कारला सुमारे ८७९ रुपये होतात.

म्हणजे १५ वर्षे पूर्ण झालेल्या स्कूटरला पीयूसी धरून सुमारे ३,६०० आणि पेट्रोल कारला सुमारे ९,००० रुपये बाजूला काढावे लागतात. २० वर्षांवरच्या कारचा हाच हिशेब १४ हजारांवर जातो. तपासणीचे शुल्क, स्मार्ट कार्ड आणि विमा यात धरलेला नाही. एजंट जो आकडा सांगतो त्यातला सरकारी किती आणि त्याचा किती, हे अर्ज भरताना पोर्टलवर येणाऱ्या रकमेवरून कळते. ती रक्कम स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो. उशीर झाला तर केंद्रीय नियमानुसार दुचाकीला महिन्याला ३०० आणि इतर खासगी गाड्यांना ५०० रुपये जादा लागतात, म्हणजे वर्षभर विसरलात तर कारचे ६,००० नुसते उशिराचे.

टेम्पो, ट्रक, रिक्षा यांचा नियम निराळा. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी फिटनेस. जुन्या ट्रकचे शुल्क केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये खूप वाढवले, २० वर्षांवरच्या अवजड गाडीला ते २५,००० रुपये झाले.

परराज्यातली गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी दिल्लीकडे सावधपणे पाहावे. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या कमी भावात बाहेर जाऊ लागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईपासूनचे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. त्याहून जुनी दिल्लीची डिझेल गाडी घेतली, तर ना हरकत दाखला, इथला रोड टॅक्स आणि एमएच-०९ नंबर करून घेण्याचा खर्च किमतीत मिळवा. पंधरावे वर्ष किती लांब आहे तेही मोजा. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या सगळ्या खर्चात तुमच्या खासगी गाडीचे ब्रेक पहिली १५ वर्षे कोणीच तपासत नाही. पीयूसी फक्त धूर पाहते. ब्रिटनमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते, ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग सगळे पाहतात, आणि शुल्क जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. सगळीकडे तसे नाही. आपले बरेच मराठी लोक राहतात त्या न्यू जर्सीने २०१० मध्ये खासगी कारची यांत्रिक तपासणी बंद केली, धुराची ठेवली, आणि ती सरकारी केंद्रावर फुकट होते. टेक्सासनेही जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी काढून टाकली. त्यांचे रस्ते मुख्यतः सपाट आणि सरळ असतील. आपण मात्र गगनबावड्याहून करूळ घाट उतरतो, राधानगरीहून फोंडा, मलकापूरहून आंबा घाट. आपल्याकडे सुरक्षा तपासणी आधीपासूनच मालकावर सोडलेली आहे.

म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, पीयूसीच्याच आठवड्यात गाडी गॅरेजला लावा. चारही चाके काढून ब्रेक पॅड आणि लायनर दाखवायला सांगा, ब्रेक ऑइल किती जुने आहे विचारा. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये एक उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या पातळीला आले, म्हणजे कारसाठी १.६ मिलिमीटर उरले, की टायर बदलायचा, घाटात जायचे असेल तर त्याआधीच. स्टेपनीही उतरवून पाहा. मजुरी आणि पार्टचे बिल वेगवेगळे घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागा आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्या. हे बिल पीयूसीच्या दाखल्याबरोबर ठेवले, तर पंधराव्या वर्षी इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करताना काय दुरुस्त करायचे राहिले ते तुम्हाला आधीच माहीत असेल.